म्हाताऱ्याची भूमिका सोडण्यापूर्वी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

नायकाऐवजी सासऱ्याची भूमिका वाट्याला आली म्हणून तू नाटक सोडायला निघालास, असं कानावर आलं. सोडायचंच असेल तर सोड, पण त्याआधी नट केशवराव दात्यांचा ‘कुंकू’ हा चित्रपट बघ. प्रभात फिल्म कंपनीचा, १९३७ चा, व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेला.

त्यात दाते काकासाहेब आहेत: विधुर, वयस्कर वकील. मुलीच्या वयाच्या नीराशी फसवून लग्न लावलेला नवरा. शांता आपटे यांची नीरा त्याला नवरा म्हणून मानतच नाही, आणि सगळा चित्रपट तिच्या बाजूने उभा आहे. म्हणजे नटाला सहानुभूतीची सोयच नाही. शिवाय चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. नट कमी पडला तर सावरून घ्यायला व्हायोलिनसुद्धा नाही!

काकासाहेब तरुण दिसण्यासाठी जी धडपड करतात ती नीट बघ. एखाद्याने तिथे हशा वसूल केला असता, नाहीतर डोळ्यांत पाणी आणलं असतं. दाते दोन्ही मागत नाहीत. माणूस कामाला लागावा तसे ते त्या खटाटोपाला लागतात, आणि म्हणूनच बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. पुढे स्वतःचा अन्याय त्यांना उमजतो तेव्हा तो बदल उपरा वाटत नाही, कारण पहिल्यापासून त्यांनी खलनायक रंगवलेलाच नसतो. मला तर हे आपल्या पडद्यावरचं फार मोठं काम वाटतं. आणि लक्षात घे, तेव्हा दात्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

हे एकाएकी आलं नाही. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांनी सुरुवातीला स्त्रीभूमिका केल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ते होते, आणि ते नाटक म्हणजे रंगभूमीवर सहज बोलण्याचा मोठा प्रयोग होता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणारा नट कॅमेऱ्यासमोर आवाज आवरायला कसा शिकला असेल, याचं उत्तर मला तिथेच सापडतं.

‘अमृतमंथन’चंही सांगतो. १९३४ च्या मराठी आवृत्तीतला राजगुरू दात्यांचा. हिंदीत तीच भूमिका चंद्रमोहनची, आणि गाजले ते चंद्रमोहनचे डोळे. दाते त्यामुळे लहान झाले का? सात वर्षांनी ‘शेजारी’त जिवबा पाटील त्यांनीच केला, समोर मिर्झाच्या भूमिकेत गजानन जागीरदार. दोन म्हातारे जिवलग, एक हिंदू, एक मुसलमान, बाहेरच्याने लावून दिलेलं भांडण. त्यात नायिकेमागे धावणाऱ्या तरुणाची कुणाला आठवण राहते, सांग बरं. पुढे शांतारामबापू राजकमल ही स्वतःची चित्रपटसंस्था काढून मुंबईला गेले, तिथेही दाते होते. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’तले गुरू मंगल महाराज तेच.

आता तुझ्या सासऱ्याकडे ये. तो लोभी आहे, हे नाटककाराने लिहून ठेवलंय. ते तू पुन्हा दाखवू नकोस. पैसे मोजताना तो कुठली बोटं वापरतो, सून पाणी घेऊन आली की पेला हातात घेतो की टेबलाकडे बोट दाखवतो, हे ठरव. केसांना पांढरा रंग लावून पाठीत वाकायचं मात्र मनातून काढून टाक. पहिल्या अंकाची संहिता घेऊन रविवारी सकाळी घरी ये. सुनेचे संवाद मी वाचीन.

तुझा,
सर