रिपोर्टमधला लाल आकडा आणि आपला चेहरा

प्रश्न असा आहे: मुलगी १४ वर्षांची, एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांमधला कोन ११६ अंश, शेजारी 'नॉर्मल १३१' आणि आकडा लाल. म्हणून चार उपदाढा काढायला सांगितल्यात. हे नॉर्मल आपल्याला लागू पडतं का?

जसंच्या तसं नाही. १३१ हा अमेरिकेतल्या स्टायनर या दात सरळ करणाऱ्या डॉक्टरचा आकडा, १९५३ चा. त्याआधी १९४८ मध्ये तशाच दुसऱ्या डॉक्टरने, डाऊन्सने, मांडलेली सरासरी तर अवघ्या २० गोऱ्या मुलामुलींवरून काढलेली. आपल्याकडे उत्तम दातांच्या माणसांची मापं घेतली, तेव्हाही पुढचे दात जास्त पुढे कललेले, म्हणजे हा कोन लहान, आणि ओठ जरा पुढे निघाले. म्हणजे ११६ मधला काही फरक मुळात आपल्या घडणीचाच. रिपोर्ट काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नॉर्म्सचा गट, म्हणजे कुठल्या लोकांची सरासरी मापं लावायची ते, निवडावं लागतं. तो बदलायचा राहिला, की निम्मा रिपोर्ट लाल!

ओठांचंही तसंच. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत रेघ मारायची आणि ओठ तिच्या किती मागे-पुढे आहेत ते बघायचं, ही रिकेट्सची पद्धत. मी लाइटबॉक्सवर एक्स-रे ठेवून पेन्सिलने त्याचं ट्रेसिंग करायचो तेव्हा हे रोज दिसायचं: नाक बसकं असलं की रेघच मागे येते आणि ओठ जागचे न हलता 'पुढे' ठरतात.

पण म्हणून 'आकडे गोऱ्यांचे, दात काढूच नका' असं मी म्हणणार नाही. मुलगी टीव्ही बघत असताना तिला बाजूने बघा. ओठ आपसूक मिटलेले असतात का? 'ओठ मीट' म्हटल्यावर हनुवटी आवळून तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात का? पडत असतील, तर दात मागे घ्यायला खरंच कारण आहे, आणि त्यासाठी लागणारी जागा बहुतेक वेळा उपदाढांचीच. दाटी असेल तर ती प्लास्टरच्या साच्यावर मिलिमीटरमध्ये मोजतात, त्या कोनावरून नाही. आणि मुलीला स्वतःचे ओठ आवडतात का, हेही विचारा. ते बरेचदा राहूनच जातं.

डॉक्टरांना सरळ विचारा, नॉर्म्स कुठल्या गटाचे लावलेत. राग यायचं काही कारण नाही. आलाच तर दुसरीकडे दाखवा. जाताना एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, म्हणजे पुन्हा एक्स-रे काढावा लागणार नाही.