मसुराची आमटी आणि तुर्की शेपूट

प्रश्न: ताई, गेल्या दिवाळीत आम्ही आठ दिवस इस्तंबूलला होतो. खिशातल्या छोट्या शब्दकोशात ‘चोर्बा’ म्हणजे सूप, पण मेनूवर सगळीकडे ‘चोर्बासी’. सारण भरलेल्या, पापुद्र्यांच्या ‘ब्योरेक’चं ‘ब्योरेयी’ झालेलं. एका पाटीवर ‘आदाना केबाप’, तर शेजारच्याच पाटीवर ‘आदाना केबाबी’. मग शिश केबापला मात्र काहीच का लागत नाही? ही छपाईची चूक, की यामागे काही नियम आहे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नियम आहे, आणि फार देखणा आहे. कादिकोयला, म्हणजे इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, मी चार वर्षं राहिले. तिथल्या पहिल्याच आठवड्यात हा नियम मला एका खानावळीत शिकायला मिळाला. काउंटरपाशी उभी राहून मी म्हटलं, ‘मेर्जिमेक चोर्बा.’ (यातला ‘च’ चहातला, चोरातला नव्हे.) मेर्जिमेक म्हणजे मसूर, चोर्बा म्हणजे आपल्या ‘शोरबा’चंच भावंड. वाढणाऱ्या बाईंनी डाव हातातच धरून माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या बाईंसारखं सावकाश म्हटलं, ‘चोर्बा-सी.’ मला सूप मिळालं, पण घरी जाईपर्यंत ती ‘सी’ डोक्यातून गेली नाही.

आपल्याकडे कुणी ‘वांगं भरीत द्या’ म्हणालं तर काय हवंय ते कळतं, पण कानाला खटकतं, कारण ‘वांग्याचं’मधलं ‘चं’ गेलेलं असतं. त्या बाईंना नेमकं तेच झालं होतं. फरक एवढाच की मराठी ही खूण पहिल्या शब्दाला लावते आणि तुर्की दुसऱ्याला. आपण वांग्याला वाकवतो: वांगं, वांग्या, वांग्याचं. तुर्कीत मसूर जसाच्या तसा राहतो आणि शेपूट सुपाला लागतं. शब्दशः उलगडलं तर ‘मसूर, त्याचं सूप’. नुसतं ‘चोर्बासी’ म्हटलं तर अर्थ ‘त्याचं सूप’ किंवा ‘तिचं सूप’ असाच होतो. मागे पदार्थाचं नाव आलं की तेच शेपूट दोन शब्दांना बांधून त्यांचं एक नाव करतं.

शेपटाचं रूप मागच्या स्वरावर ठरतं. शब्द स्वरान्त असेल तर मध्ये ‘स’ येतो: चोर्बा–चोर्बासी, क्योफ्ते (आपला कोफ्ता)–क्योफ्तेसी. व्यंजनान्त असेल तर नुसता स्वर लागतो, आणि शेवटचं कडक व्यंजन बरेचदा मऊ पडतं. केबापचं केबाबी होतं. ब्योरेकमधला ‘क’ तर इतका मऊ होतो की जवळजवळ विरघळतो: ब्योरेयी. आपलं सामान्यरूप आठवा, ‘कांदा’चा ‘कांद्या’ होतो तसंच काहीसं. एकच शब्द हट्टी आहे, सू म्हणजे पाणी. नियमाने त्याचं ‘सुसू’ व्हायला हवं, पण होतं ‘सुयू’. संत्र्याच्या रसाला ‘पोर्ताकाल सुयू’ म्हणतात, संत्र्याचं पाणी.

तुर्की शाळांत या जोडीला ‘बेलिर्तिसिझ इसिम ताम्लामासी’ म्हणतात. ‘इसिम’ म्हणजे नाम. आपला ‘इसम’ त्याच अरबी शब्दावरून आला. त्या संज्ञेच्याही शेवटी ‘सी’ आहे, ते बघा.

मला या नियमातलं सगळ्यात आवडतं ते पुढे आहे. शेपूट फक्त नातं आहे एवढंच सांगतं. कसलं नातं, ते सांगत नाही. मेर्जिमेक चोर्बासीत मसूर हा घटक. आन्तेप बाक्लावासीत (बाक्लावा म्हणजे पापुद्र्यांची पाकातली मिठाई) आन्तेप हे गाव. सिगारा ब्योरेयी हा सिगारेटच्या आकाराचा, चीज भरून तळलेला ब्योरेक. त्यात तंबाखूचा कणही नाही. आणि सू ब्योरेयी, म्हणजे ‘पाण्याचा ब्योरेक’, यात पारीचे पापुद्रे आधी उकळत्या पाण्यातून काढतात म्हणून पाणी. घटक, गाव, आकार, कृती, सगळ्याला तेच एक शेपूट. आपण शाळेत मध्यमपदलोपी समास शिकलो: पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. मधलं पद गाळायचं आणि ते खाणाऱ्याने समजून घ्यायचं. तुर्की माणूसही मधलं पद असंच गाळतो. फक्त गाळलेल्या जागेची खूण शेवटी ठेवतो.

नेमकं ‘घातलेलं’ असंच सांगायचं असेल तर वेगळा प्रत्यय आहे, ‘ली’ किंवा ‘लू’. तो पहिल्या शब्दाला लागतो आणि त्या शब्दाचं विशेषण होतं, आपल्या ‘मसालेदार’मधल्या ‘दार’सारखं. मग दुसऱ्या शब्दाला शेपूट लागत नाही. पेयनिर म्हणजे चीज (आपलं पनीरच), म्हणून ‘पेयनिरली ब्योरेक’. बुल्गुर पिलावी हा दलियाचा पुलाव, तिथे दलिया हाच पुलाव. नोहुत्लू पिलाव म्हणजे हरभरे घातलेला भात. इस्तंबूलच्या रस्त्यांवर काचेच्या पेटीच्या गाडीवरून विकतात. भात तोच, हरभरे वरून आलेले पाहुणे.

आता शिश केबाप. शिश म्हणजे सळई, आणि ही जोडी बिनशेपटाचीच रूढ झाली आहे. द्योनेर केबापमध्ये ‘द्योनेर’ म्हणजे ‘फिरणारं’. ते विशेषणच असल्याने शेपटाचा प्रश्नच येत नाही. आदानाचं (हे एका शहराचं नाव) मात्र तुम्ही अचूक टिपलंत. व्याकरणाने ‘आदाना केबाबी’च बरोबर. पाट्यांवर आणि बोलण्यात शेपूट गळतं, नाव इतकं घासून गुळगुळीत झालं आहे की ते कुणाला लागत नाही. इझमिर क्योफ्तेचंही तसंच. मला स्वतःला शेपटासकट म्हटलेलं आवडतं, आणि कागदोपत्री ते टिकूनही आहे: युरोपीय संघाने २०१३ साली तुर्कस्तानच्या ज्या पहिल्या पदार्थाला भौगोलिक मानांकन दिलं, त्याची नोंद ‘आन्तेप बाक्लावासी’ अशीच आहे, ‘सी’सकट.

एमिन्योन्यूच्या धक्क्यावर तुम्ही ‘बालिक एक्मेक’ खाल्लं असेल, पावात घातलेला भाजलेला मासा. तिथेही शेपूट नाही. बालिक म्हणजे मासा, एक्मेक म्हणजे पाव, दोघे बरोबरीने शेजारी उभे. हा वडापावचा न्याय. वडापावला कुणी ‘वड्याचा पाव’ म्हणत नाही.

पुढच्या खेपेला एक गोष्ट करून बघा. खानावळीत शिरताच मेनू न मागता विचारा, ‘ने चोर्बासी वार?’ म्हणजे ‘कसलं कसलं सूप आहे?’ प्रश्नातल्या ‘ने’, म्हणजे ‘काय’, यालासुद्धा शेपटाची जोडी लागली आहे. उत्तर मात्र एका दमात बिनशेपटाचं येईल: ‘मेर्जिमेक, एझोगेलिन, इश्केम्बे.’ शेपूट तुम्ही प्रश्नात आधीच दिलेलं असतं, म्हणून ते परत देत नाहीत.

प्रश्न: आम्ही घरी पूर्ण शाकाहारी आहोत. इस्तंबूलच्या एका मिठाईच्या दुकानात पांढरी दुधाची खीर खाल्ली, नाव ‘ताऊक ग्योसू’. हॉटेलवर येऊन अर्थ पाहिला तर ‘कोंबडीची छाती’! हे नुसतं गमतीचं नाव आहे ना? नावावरून शाकाहारी पदार्थ ओळखायचे कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं तेच सांगते. ताऊक ग्योसूमध्ये परंपरेने कोंबडीच्या छातीचे धागे अगदी बारीक करून दुधात घोटतात. चव लागत नाही, पोत येतो. तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण तिथल्या कितीतरी गोड पदार्थांची नावं अशी असतात की त्यातलं काहीच खरं नसतं. दिल्बेर दुदाई म्हणजे सुंदरीचा ओठ. वेझिर पार्माई म्हणजे वजिराचं बोट. बुल्बुल युवासी म्हणजे बुलबुलाचं घरटं. घरटं नाही, बुलबुलही नाही. पिस्ते भरलेली पाकातली गोल मिठाई आहे. शाळेतला लंबोदर आठवा: लांबही नव्हे, उदरही नव्हे, गणपती. दोन्ही पदं सोडून तिसऱ्याकडे बोट दाखवणारा तो बहुव्रीही, आणि तुर्की हलवाई त्यात पटाईत आहेत. ताऊक ग्योसू मात्र त्या पंगतीत बसत नाही, ते नाव शब्दशः खरं आहे.

तुमच्या कामाचे शब्द सांगते. ‘यालान्जी’ म्हणजे खोटारडा. पदार्थाच्या नावाआधी हा शब्द दिसला की बरेचदा त्यात मांस नसतं, पण नेहमीच नाही, म्हणून विचारून घ्या. यालान्जी दोल्मा म्हणजे मांस नसलेला, भात भरलेला द्राक्षाच्या पानांचा दोल्मा. यालान्जी ताऊक ग्योसू म्हणजे बिनकोंबडीची तीच खीर. ‘एत्ली’ म्हणजे मांस घातलेलं, ‘एत्सिझ’ म्हणजे मांसाशिवायचं. ‘झेतिनयाली’ म्हणजे ऑलिव्ह तेलातल्या भाज्या. बहुतेक गार वाढतात आणि त्यांत सहसा मांस नसतं.

या शेवटच्या शब्दावर जरा थांबा. ऑलिव्ह तेल म्हणजे ‘झेतिनयाई’: झेतिन ऑलिव्ह, याऽ तेल, आणि शेवटी आपलं शेपूट. पण ‘ली’ जोडताना ते गळून ‘झेतिनयाली’ होतं. एका म्यानात दोन शेपटं मावत नाहीत. ‘माझं’ म्हणतानाही तसंच: मेर्जिमेक चोर्बासी, पण माझं सूप ‘मेर्जिमेक चोर्बाम’. अपवाद एखादाच, पण तुमच्या उपयोगाचा आहे. ‘कुशबाशी’ म्हणजे शब्दशः ‘पक्ष्याचं डोकं’, अर्थ मांसाचे चौकोनी तुकडे. हा शब्द इतका एकजीव झाला आहे की शेपूट सोडतच नाही: ‘कुशबाशीली पिदे’ (पिदे म्हणजे भट्टीत भाजलेली चपटी रोटी). ती मागवू नका.

आणि सुयूपासून सांभाळा. पोर्ताकाल सुयू संत्र्याचा रस, मादेन सुयू खनिज पाणी, पण ‘एत सुयू’ हे मांस उकळलेलं पाणी आणि ‘ताऊक सुयू’ कोंबडीचं. साध्या मसुराच्या सुपातही ते असू शकतं. मेनूवर लिहिलेलं नसतं, म्हणून ‘एत सुयू वार मी?’ असं तोंडानेच विचारावं लागतं. मी शाकाहारी पाहुण्यांना हे एक वाक्य कागदावर लिहून देत असे.

प्रश्न: मुलाने तुर्कस्तानहून बिस्किटं आणली. वेष्टनावर खोबऱ्याचं चित्र आणि ‘हिंदिस्तान जेविझली’ असं नाव. यात हिंदुस्थान कुठून आला?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: तुमच्या परसातूनच आला म्हणा ना. जेविझ म्हणजे अक्रोड. नारळाला तुर्कीत ‘हिंदिस्तान जेविझी’ म्हणतात, हिंदुस्थानचा अक्रोड. भुईमुगाला ‘येर फिस्ती’ई’ म्हणतात: येर म्हणजे जमीन, फिस्तिक म्हणजे पिस्ता. पिस्ता हवा असेल तर ‘आन्तेप फिस्ती’ई’ मागायचा.

चिंचेला ‘देमिरहिंदी’ म्हणतात आणि रमजानात तिचं सरबत करतात. अरबीत चिंच म्हणजे ‘हिंदी खजूर’, तमर हिंदी. तो शब्द तुर्कीत सबंध उचलून आला, म्हणून नुसत्या चिंचेला शेपूट नाही. सरबत म्हटलं की मात्र लागतं: देमिरहिंदी शेर्बेती.

तुमच्या वेष्टनावर ‘जेविझी’ नसून ‘जेविझली’ आहे, ते का, हे वरच्या उत्तरातल्या तेलावरून लक्षात आलं असेल. बिस्किटात नारळ घातलेला आहे म्हणून ‘ली’ आली, आणि ती आल्यावर शेपूट गळलं.