वाचकांचे प्रश्न : अडुसष्टाव्या वर्षी स्नानसंस्कार

प्रश्न : फादर, माझे वय 68 असून मी निवृत्त शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे एक वृद्ध गृहस्थ रोज रात्री दबक्या आवाजात रोझरी म्हणत असत. घरी आल्यावर मी चारही शुभवर्तमाने वाचून काढली आणि गेली दोन वर्षे रविवारच्या मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) मागच्या बाकावर जाऊन बसतो. आता मला कॅथलिक व्हायचे आहे. येथील धर्मगुरू किमान वर्षभराची तयारी सांगतात; परंतु माझ्या हृदयाचा भरवसा नाही, तेवढा अवधी मला मिळेल का? माझी आई आयुष्यभर पंढरीची वारी करीत असे. ही तिच्याशी प्रतारणा ठरेल का? पत्नीला मी अद्याप काहीही सांगितलेले नाही. तिला कळण्यापूर्वी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) उरकून घेता येईल का?
— एक वाचक, नाशिक (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण माझ्या मते तोच सर्वांत तातडीचा आहे. तसे करू नका. ज्या बाईने शस्त्रक्रियेनंतर आपली पथ्ये सांभाळली, औषधांच्या वेळा पाळल्या, तिला ही गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळणे हा तिच्यावर अन्याय होईल, आणि नव्या आयुष्याचा प्रारंभ लपवाछपवीने व्हावा असे आपल्यालाही वाटत नसणार. आपल्याच नाशिकशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या नारायण वामन टिळकांचे उदाहरण आठवा. त्यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला (ते प्रॉटेस्टंट पंथात गेले, ही गोष्ट वेगळी), आणि त्यानंतरच्या ताटातुटीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. परंतु मधल्या वर्षांची भरपाई कोणी केली नाही.

आपला विवाह मात्र मोडत नाही. जोडीदार ख्रिस्ती नसला, तरी तो सोबत राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, असे संत पौलाने करिंथ येथील मंडळीला स्पष्ट लिहिले आहे, आणि चर्चची शिकवण आजही तीच आहे. पुन्हा लग्न लावावे लागत नाही, पत्नीने धर्म बदलावा अशी अटही नाही. तिचे देवघर तिचेच राहील. त्याला हात लावू नका आणि त्याविषयी वाद घालू नका. आपण स्वतः मात्र दोन्हीकडे उपासना करू शकणार नाही, हेही तिला प्रामाणिकपणे सांगावे लागेल, आणि ते सांगणे सोपे जाणार नाही. कायद्याची बाजूही दृष्टीआड करू नका. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे एका जोडीदाराने धर्मांतर केल्यास दुसऱ्याला घटस्फोट मागण्याचा अधिकार मिळतो, म्हणजे या निर्णयात तिचाही संबंध आहे. धर्मांतराविषयीचे सध्याचे नियम एखाद्या वकिलाकडून आधी समजून घ्यावेत.

आता अवधीविषयी. वर्षभराची तयारी हा कोणा एका धर्मगुरूचा हट्ट नाही. प्रारंभीच्या शतकांत प्रौढांना दीर्घ शिक्षणानंतरच स्नानसंस्कार दिला जाई; ती प्रथा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1963 मध्ये पुन्हा सुरू करण्यास सांगितले आणि 1972 मध्ये तिचा विधी प्रसिद्ध झाला. आधी नुसती विचारपूस, मग दीक्षार्थी (स्नानसंस्काराची तयारी करणारा) म्हणून स्वीकार, मग महिनोन्‌महिने शिकवणूक, उपवासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी बिशपांसमोर निवड, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी विशेष प्रार्थना, आणि अखेर ईस्टरच्या जागरणविधीत स्नानसंस्कार, दृढीकरण (श्रद्धा बळकट करणारा संस्कार) व ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर स्वीकारणे) हे तीनही संस्कार एकाच रात्री, असा तो क्रम आहे. आपण अडुसष्ट वर्षे एका पद्धतीने जगला आहात. ते सगळे आयुष्य ख्रिस्तासमोर उलगडून ठेवायला एक वर्ष मला तरी जास्त वाटत नाही.

तरीही आपली भीती मी हलकी मानत नाही. म्हणून हे नीट वाचा : ज्या दिवशी चर्चच्या दारात आपला दीक्षार्थी म्हणून स्वीकार होईल, त्या दिवसापासून चर्च आपल्याला आपल्या घरचे मानते. स्नानसंस्काराआधी मृत्यू आला, तर दीक्षार्थ्याचा अंत्यविधी श्रद्धावंतांप्रमाणेच करावा, असे 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेत नमूद आहे, आणि त्याची ती उत्कट इच्छाच त्याच्या तारणाला पुरेशी होते, अशी शिकवण आहे. प्रकृती अचानक गंभीर झाली, तर थोडक्या तयारीवरही स्नानसंस्कार देता येतो. प्रसंगी परिचारिकाही तो देऊ शकते. नाव बदलण्याची सक्ती नाही. गतायुष्यातील पापांचे निवेदनही त्या रात्री करावे लागत नाही, कारण स्नानसंस्काराने सर्वच पापांची क्षमा होते.

म्हातारा झालेला माणूस पुन्हा कसा जन्म घेणार, हा आपला प्रश्न येशूला प्रथम निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याने विचारला होता, तोही रात्री, लोकांच्या नजरा चुकवून येऊन. योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदा भेटतो आणि शेवटच्या वेळी उघडपणे, गंधरस आणि अगरू घेऊन, येशूच्या दफनाला येतो. त्याला किती काळ लागला याचा हिशेब योहानाने दिलेला नाही, आणि माझ्या मनाला ते फार बरे वाटते. आधुनिक काळात इंग्लंडचे पत्रकार माल्कम मगरिज 1982 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, कॅथलिक झाले.

काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मी ईस्टरच्या रात्री स्नानसंस्कार दिला. अंगणात पेटवलेल्या अग्नीवरून पुनरुत्थानाची मेणबत्ती लावून आम्ही अंधाऱ्या चर्चमध्ये आलो होतो. आजी कुंडावर वाकल्या, तेव्हा त्यांचे ख्रिस्ती नसलेले यजमान पहिल्या बाकावर त्यांचा चष्मा रुमालात धरून बसले होते. तीनदा पाणी ओतून झाल्यावर ते उठले, तोच रुमाल त्यांनी आजींच्या कपाळावरून फिरवला आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवून दिला. ते स्वतः आजही ख्रिस्ती नाहीत. आजींनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सर्व सांगितले होते आणि त्यानंतर त्या घरात दोन महिने अबोला होता, हेही आपल्याला सांगायला हवे.

आईविषयी आपण विचारले आहे. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, ते चर्च नाकारत नाही, असे 1965 मध्ये त्याच व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले आहे. ऊन-पावसात पंढरीची वाट चालणाऱ्या आईकडून आपण देवाचा ध्यास शिकलात. तो ध्यास टाकून नव्हे, तर तो घेऊनच आपण चर्चच्या मागच्या बाकापर्यंत आला आहात. मिस्सेतील चौथ्या प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा मृतांसाठीही आम्ही विनवणी करतो. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणार्थ मिस्सा असते. त्याआधी आपल्या धर्मगुरूंकडे आईचे नाव लिहून द्या. त्यासाठी स्नानसंस्कार झालेला असण्याची गरज नाही.