एकोणीस तारखेची रात्र

"मॅडम, लढाई १९९९ला संपली. इतकी वर्षं ह्यांना काही झालं नाही, मग आता कसं होईल?" साताऱ्यातल्या एका वहिनींचा हा प्रश्न. समुपदेशनाच्या कामात फौजींच्या घरांतून तो मला वरचेवर विचारला जातो, म्हणून नवरा-बायको दोघांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

वहिनींचे यजमान, हवालदारसाहेब, तोफखान्यात होते, कारगिलच्या वेळी द्रासला. निवृत्तीनंतर बी.कॉम. केलं. आता किराणा, हार्डवेअर, बेकरी अशा तीसेक दुकानांची खाती टॅलीत लिहितात, जीएसटीचे रिटर्न भरतात. ३बी हा महिन्याचा रिटर्न भरायची मुदत २० तारीख. १९च्या रात्री ते झोपत नाहीत, मुलाने दार वाजवलं तरी अंगावर धावून जातात. फटाक्यांना दचकत नाहीत, म्हणून लढाईचा काही संबंध नाही असं घरच्यांनी ठरवलेलं. पहिल्या भेटीत मीही आवाजांबद्दलच विचारत बसले.

दुसऱ्या वेळी म्हटलं, कामाची वही घेऊन या. प्रत्येक आकड्यापुढे तीन खुणा: पेन्सिलची, निळी, लाल. काही ठिकाणी लाल खुणेने कागद फाटला होता.

"तिसरी कशासाठी?"

बऱ्याच वेळाने बोलले. तोफखान्यात त्यांचं काम आकडेमोडीचं. अंतर, वारा, तापमान धरून तोफेचा कोन काढायचा. उंचावर हवा विरळ, गोळा लांब जातो, तेही धरायचं. आणि वर आपलेच जवान चढत असायचे. "आकडा चुकला तर आपलीच पोरं, मॅडम."

त्यांचा आकडा एकदाही चुकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मात्र एका दुकानदाराला त्यांच्या छोट्या चुकीमुळे नोटीस आली, आणि तिथून झोप उडाली.

वहिनी, असं होऊ शकतं. युद्धाचा आघात वर्षानुवर्षं दबून राहतो आणि एखाद्या साध्या निमित्ताने वर येतो. हा भित्रेपणा नव्हे. "फौजी असून असं काय करता?" हे वाक्य तेवढं घरात बंद करा.

झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांची औषधं सुरू झाली. माझ्याकडे आधी त्या रात्री सविस्तर सांगून झाल्या, मग लाल खूण सोडायचा सराव. सुरुवातीला एकाच दुकानाची वही. खूण न करता ती मिटायची आणि जीव घाबरला तरी माझ्यासमोर बसून राहायचं. हात थरथरायचे. एकदा विचारलं, इथे उशीर झाला तर काय होतं?

"दिवसाला ५० रुपये लेट फी," ते म्हणाले, आणि वहीकडे बघत राहिले.

माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून उपचार मिळतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

सात महिने झाले. आता खुणा दोनच आहेत, १९ तारखेला एकच्या सुमारास झोपतात. कारगिलच्या लढाईचा जून महिना मात्र अजून जड जातो.