मित्राकडच्या उरलेल्या गोळ्या

‘ताई, वय २४. दीड महिन्यापूर्वी पार्टीनंतर एका ओळखीच्या मुलीसोबत झालं, प्यायलेलो होतो, कंडोम नव्हता. मुलगी चांगल्या घरातली आहे. चार दिवसांनी लघवीला जळजळ सुरू झाली, चड्डीवर पिवळे डाग. मित्राकडे गोळ्या उरल्या होत्या त्या तीन दिवस घेतल्या, थांबलं. आता गर्लफ्रेंड परत आलीये, तिच्याशी एकदा संबंध आलाय. मी बरा झालोय तर तिला सांगायलाच हवं का?’

अरे, पत्र वाचून मला तुझा नाही, त्या गोळ्यांचा राग आला. चार दिवसांत जळजळ आणि पू म्हणजे लक्षणं गनोरियाची वाटतात, जुनी माणसं ज्याला परमा म्हणायची तो, पण मी काही डॉक्टर नाही आणि डॉक्टरसुद्धा टेस्टशिवाय नक्की काय ते सांगू शकत नाहीत, कारण त्याच्या जोडीला बरेचदा क्लॅमिडिया, म्हणजे असाच संबंधातून होणारा दुसरा रोग, असतो आणि तो कितीतरी पुरुषांना कळतच नाही, ना जळजळ ना डाग. तीन दिवसांच्या अर्धवट गोळ्यांनी त्रास दबतो, जंतू मेलाच असं नाही. त्यात गनोरियाचा जंतू महाबिलंदर, जुन्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना तो आता दाद देत नाही.

सिफिलिस हाही संबंधातूनच होणारा, त्याचं तर आणखीनच वेगळं. साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येतो, दुखत नाही, काही न करता भरूनही येतो, माणूस म्हणतो सुटलो बाबा, आणि मग काही आठवड्यांनी तळहातांवर, तळपायांवर पुरळ. त्यामुळे बरा झालास की नाही हे रिपोर्ट बघून ठरव.

स्किन-व्हीडीच्या, म्हणजे त्वचा आणि गुप्तरोगांच्या, डॉक्टरकडे जा. लघवीची टेस्ट सांगितली तर आधी तासभर लघवीला जायचं नाही आणि पहिल्या धारेचीच द्यायची, नेहमीसारखी मधली नाही. सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी रक्तातून बघतील. दीड महिना झालाय म्हणजे लॅबमधली एचआयव्ही टेस्ट आता बऱ्यापैकी भरवशाची, तरी तीन महिने झाले की एकदा परत करून घे. (एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ती वेळ गेली, पण माहिती असू दे.) कुठल्या गोळ्या घेतल्यास, ओरल सेक्स झाला होता का, सगळं सांग. लाजू नकोस, हे ते रोज ऐकतात.

आता गर्लफ्रेंड. हो, सांगायलाच हवं. बायकांना गनोरिया-क्लॅमिडियाची लक्षणं बहुतेक वेळा जाणवतच नाहीत, इन्फेक्शन आत गर्भनलिकांपर्यंत जातं आणि पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते, म्हणजे तू गप्प बसलास तर भोगणार ती. शिवाय तू औषध घेतलंस आणि तिने नाही, तर तिच्याकडून तुलाच परत होणार. दोघांची ट्रीटमेंट बरोबरच व्हायला हवी आणि औषध झाल्यावर निदान सात दिवस संबंध नाही, डॉक्टर जास्त सांगतील तर जास्त. आधी अपॉइंटमेंट घे मग बोल, सरळ बोल, ‘माझ्याकडून चूक झालीये, तुलाही टेस्ट करावी लागेल.’ ती चिडेल, रडेल, कदाचित सोडूनही जाईल, तो तिचा हक्क आहे. पार्टीतल्या मुलीलाही एक मेसेज टाक, तिलाही बहुतेक काही माहीत नसेल.

आणि हे ‘चांगल्या घरातली’ काय रे? जंतू काय घराणं विचारून येतो? तुझी खरी रिस्क ‘प्यायलेलो होतो’ या दोन शब्दांत आहे, जे तू असंच जाता जाता लिहून टाकलंस. प्यायल्यावर कंडोम आठवत नाही, आठवला तर सापडत नाही, आणि सापडतो तो सहा महिने पाकिटात दबून गरम झालेला, तसला फाटतो. हर्पिस (फोड आणणारा) आणि एचपीव्ही (मस आणि काही कॅन्सरना कारण होणारा) हे विषाणू तर कंडोम असूनही आजूबाजूच्या कातडीतून होऊ शकतात, एचपीव्हीची लस मुलांनाही देतात, तेही डॉक्टरला विचारून घे.

आणि हो, त्या मित्रालाही जरा विचार, त्याच्याकडे त्या गोळ्या कशासाठी होत्या आणि त्याने कोर्स अर्धवट का सोडला.