लंडनमध्ये एकटीनं फिरायचंय, इंग्रजी किती लागेल?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीची, वय ६१, शाळेत मराठी शिकवायचे, आता रिटायर. मुलगा-सून लंडनला हॅरो भागात राहतात, त्यांच्याकडे तीन महिने चाललेय. मागच्या वेळी ते दोघं कामावर आणि मी दिवसभर खिडकीत बसून. कोणी इंग्रजीत बोललं की डोकंच बंद पडतं हो. वाचता येतं, बोलायला तोंड उघडत नाही. दीड महिना हातात आहे, व्याकरणाचं पुस्तक आणू की क्लास लावू?

उत्तर : ताई, दोन्ही नको. दीड महिन्यात व्याकरण होत नाही आणि शहरात फिरायला ते लागतही नाही. वीस-पंचवीस वाक्यं लागतात, पण ती अशी तोंडात बसली पाहिजेत की झोपेतून उठवलं तरी यावीत.

सगळ्यात आधी एक गोष्ट, तुम्ही मराठी शिकवलंय म्हणून तुम्हाला लगेच पटेल. आपला मान क्रियापदात असतो. "सांग", "सांगा", "जरा सांगता का", एवढ्यात सगळं येतं, वेगळं प्लीज लागत नाही. पण तेच मनात धरून इंग्रजीत "टेल मी" म्हटलं की तो मान गळून पडतो, समोरच्याला हुकूम ऐकू येतो. तुमच्या मनात काहीही वाईट नसतं, तरी तो आखडतो आणि मग आपल्याला वाटतं माझं इंग्रजी वाईट म्हणून असं झालं. तसं नसतं. इंग्रजीत मान वाक्याच्या तोंडाशी ठेवायचा. "एक्स्क्यूज मी, कुड यू टेल मी..." आणि पुढे जे विचारायचंय ते. रस्ता विचारायचा तर "एक्स्क्यूज मी, हाऊ डू आय गेट टू..." आणि ठिकाणाचं नाव, बास. रोज सकाळी चहा होईपर्यंत दहा वेळा मोठ्यानं म्हणा, मनात नाही, मोठ्यानं, तोंडाला वळण लागायला हवं.

दुसरं म्हणजे उत्तर पूर्ण कळायची गरज नसते. लेफ्ट, राइट, स्ट्रेट ऑन आणि एखादा आकडा, एवढंच कानानं पकडायचं आणि तेच परत म्हणायचं, "सेकंड लेफ्ट?" समोरचा लगेच हो म्हणतो नाहीतर दुरुस्त करतो. ही एक सवय लागली ना, तर निम्मी भीती जाते. शेवटी बऱ्याचदा ते म्हणतील "यू कान्ट मिस इट", त्यात काही चुकण्याबिकण्याचं नाही, "दिसेलच तुम्हाला" एवढाच अर्थ. "जस्ट अराउंड द कॉर्नर" म्हणजे इथंच, पलीकडे. आणि "अ स्टोन्स थ्रो" म्हणजे आपलं हाकेच्या अंतरावर. आपण हाकेनं मोजतो, ते दगड फेकून मोजतात, मला हे फार आवडतं.

आता माइंड हा शब्द. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, १९६८ पासून "माइंड द गॅप" ऐकवतात, तिथे माइंड म्हणजे मन नाही, जपा, लक्ष ठेवा. गाडी आणि प्लॅटफॉर्ममधली फट सांभाळा. बुटक्या दारावर "माइंड युअर हेड" लिहिलेलं दिसेल, पायरीपाशी "माइंड द स्टेप". इथपर्यंत सोपं आहे. पण बसमध्ये तुमच्या शेजारची सीट रिकामी असली की कोणीतरी विचारणार, "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" आणि आपण सवयीनं हसून "येस येस" म्हणणार. अर्थ होतो, हो, माझी हरकत आहे! माझ्याकडून हे झालंय. एक वयस्कर बाई माझं येस ऐकून सॉरी म्हणाल्या आणि पुढे जाऊन उभ्या राहिल्या, मला घरी पोचल्यावर उलगडा झाला आणि अजून त्या आठवल्या की वाईट वाटतं. म्हणून सांगते, माइंड आलं की उत्तर "नो, नॉट ॲट ऑल". नो म्हणायचं आणि हातानं सीट दाखवायची. हे एक वाक्य तरी पाठ करूनच विमानात बसा.

आणि कोणी दुकानात "यू ऑलराइट?" म्हटलं तर आपण आजारी दिसतोय का असं वाटून घेऊ नका. ते आपलं "काय, बरं आहे ना" सारखं. "आय ॲम फाइन, थँक यू" म्हणायचं.

आपलं भारतातलं इंग्रजी चुकीचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही, ते आपल्या घरचं आहे, पण काही शब्द तिथं नीट पोचत नाहीत. आपण स्टेशनच्या बॅकसाइडला म्हणतो, तिथं बॅकसाइड म्हणजे माणसाचं बूड, म्हणून "बिहाइंड द स्टेशन" म्हणा. बसमधून गेट डाऊन नाही, "गेट ऑफ". हॉटेलात पार्सल मागितलं तर पोस्टाचं पुडकं डोळ्यापुढे येईल, "टेकअवे" म्हणा. सबवे अशी पाटी दिसली तर खाली रेल्वे नाही, रस्त्याखालून चालत पलीकडे जायची वाट आहे. बाहेर पडायच्या रस्त्यावर स्टेशनात बहुतेक ठिकाणी एक्झिटऐवजी "वे आऊट" लिहिलेलं असतं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची, कोणी मागून "एक्स्क्यूज मी" म्हणालं तर बाजूला व्हा एवढाच अर्थ. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचं, त्याला "टॅप" किंवा "टच इन" म्हणतात. ट्यूबमधून बाहेर पडतानाही टेकवायचं, बसमधून उतरताना नाही.

जोराच्या पावसाबद्दल शाळेत "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" अशी कुत्री-मांजरं शिकवली होती ना, ती तिथं फारशी ऐकू येत नाहीत. जोराचा असला की "इट्स पोअरिंग", आणि भुरभुर असली की "इट्स स्पिटिंग". बसस्टॉपवर अनोळखी माणसाशी बोलायला याच्याइतका सोपा विषय नाही.

पहिली एकटीची सहल कुठे करायची तेही सांगते. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं, तिथे कार्यक्रम कधी आहे ते मुलाला बघायला सांगा. हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनवरून मेट्रोपॉलिटन लाईन, वेम्ब्ली पार्कला उतरून ज्युबिली लाईन, तिथून दुसरंच स्टेशन, नीझडन गेलं की डॉलिस हिल. मेट्रोपॉलिटन लाईनच्या काही गाड्या मुंबई लोकलसारख्या फास्ट असतात, मधली स्टेशनं सोडतात, सकाळच्या गर्दीत वेम्ब्ली पार्कसुद्धा. म्हणून चढायच्या आधी विचारायचं, "एक्स्क्यूज मी, डझ धिस ट्रेन स्टॉप ॲट वेम्ब्ली पार्क?" उत्तर येस किंवा नो. जाताना इंग्रजी, पोचल्यावर मराठी, म्हणजे डोकं बंद पडायला वेळच मिळणार नाही.

प्रश्न : मी नाशिकचा, पुढच्या शिक्षणासाठी लंडनला जातोय. मित्र म्हणतो स्टेशनांची नावं लिहिलीत तशी उच्चारली तर कोणाला कळतच नाही. खरं का?

उत्तर : बऱ्यापैकी खरं. स्पेलिंग शेकडो वर्षांपूर्वीचं राहिलं आणि तोंडानं मधली अक्षरं गिळली. लायसेस्टर नाही, लेस्टर स्क्वेअर. ग्लॉस्टर रोड. ग्रीनविच नाही, ग्रेनिच. साऊथवार्क नाही, सदक. होलबॉर्न नाही, होबन, त्यात ल येत नाही. वॉरविक नाही, वॉरिक ॲव्हेन्यू. नदी आपण मराठीत थेम्स लिहितो, तिथं टेम्स म्हणतात. शेवटी हॅम दिसलं की बहुतेक वेळा फक्त म उरतो, टॉटनम, फुलम, क्लॅपम, पण ईस्ट हॅम आणि वेस्ट हॅममध्ये हॅम पूर्ण म्हणायचं. पाठ करत बसू नकोस, ट्यूबमध्ये प्रत्येक स्टेशनाची घोषणा होते, पहिले आठ दिवस कानातले हेडफोन काढून ऐक.

प्रश्न : जय भीम ताई. पिंपरीहून टूरबरोबर लंडनला चाललोय, एकच दिवस मोकळा आहे. बाबासाहेब जिथे राहिले ते घर बघायचंच आहे, पण टूरवाले नेणार नाहीत. माझं शिक्षण मराठीतून दहावी. एकट्याला जमेल का?

उत्तर : जय भीम दादा. जमेल, आणि जाच. पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा : १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते तेव्हा तिथे राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. जवळचं ट्यूब स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाईनवर. ही लाईन कॅम्डन टाऊनला फुटते, एक फाटा एजवेअरकडे, दुसरा हाय बार्नेटकडे. तुम्हाला "नॉर्थबाउंड", म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचा प्लॅटफॉर्म आणि पाटीवर एजवेअर लिहिलेली गाडी हवी. प्लॅटफॉर्मवर कोणालाही विचारा, "इज धिस फॉर एजवेअर?" चुकून दुसरीत बसलात तर कॅम्डन टाऊनलाच उतरा, घोषणेत "चेंज हिअर" ऐकू आलं म्हणजे इथं गाडी बदलता येते. तिथून चॉक फार्म पुढचंच स्टेशन. "ऑल चेंज" म्हणाले तर मात्र सगळ्यांनीच उतरायचं, गाडी पुढे जाणार नाही.

स्टेशनबाहेर आल्यावर कागद पुढे करून म्हणा, "एक्स्क्यूज मी, कुड यू पॉइंट मी टु किंग हेन्रीज रोड?" चालत जाण्याइतकंच अंतर आहे. भिंतीवर त्यांच्या नावाची निळी गोल पाटी आहे, तिला "ब्लू प्लाक" म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, लंडनभर अशा पाट्या आहेत, मेडा व्हेलमध्ये हाउली प्लेसच्या १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांची आहे, ते १९१८-१९ मध्ये तिथे राहिले.

एक खबरदारी घ्या. निघायच्या आधी हॉटेलमधल्या कोणाला बाबासाहेबांच्या घरी फोन करायला सांगून ते बंद व्हायची वेळ विचारून घ्या, "व्हॉट टाइम डू यू क्लोज?" आणि कोणी "हाफ फोर" म्हणालं तर ते साडेतीन नाही बरं का, साडेचार. "हाफ टेन" म्हणजे साडेदहा. आपल्या साडेसारखंच आहे, फक्त हाफ ऐकून आपण उगाच अर्धा तास मागे जातो. तुमच्याकडे एकच दिवस आहे, म्हणून सकाळीच निघा आणि तिथं निवांत थांबा.