पहिलंच शॉपिंग ॲप करताय ना, मग सुरुवातीला एवढंच बघा

डिझाइनला हात लावायच्या आधी दुकानात काउंटरपाशी थोडा वेळ उभे रहा, गिऱ्हाईक वस्तू कुठल्या नावाने मागतं ते लिहून घ्या, कारण सर्चमध्ये लोक तेच टाकणार, पाकिटावरचं छापील नाव नाही. स्पेलिंग चुकलं तरी वस्तू सापडली पाहिजे, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:

- पहिल्याच स्क्रीनवर नंबर आणि ओटीपी मागणं. आधी माल तर बघू द्या, लॉगिन ऑर्डर देताना.
- डिलिव्हरी चार्ज शेवटी दाखवणं. रक्कम अचानक वाढली की लोक कार्ट तिथंच सोडतात.
- बारीक बटणं. अँड्रॉइडवर निदान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट ठेवा (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरच्या आकाराची मापं).

आणि हो, दुकानदाराची बाजू बरेच जण विसरतात, माल संपला की त्याला एका टॅपमध्ये वस्तू बंद करता आली पाहिजे, नाहीतर नसलेल्या मालाच्या ऑर्डरी येत राहतात आणि वैतागून तोच ॲप बंद करतो.

वॉलेट, खरेदीवर मिळणारे बक्षीस पॉइंट्स, डार्क मोड आत्ता अजिबात नको. कागदावर स्क्रीन काढा, फोनची फारशी सवय नसलेल्या कुणालातरी "एक वस्तू मागवा" म्हणा आणि गप्प बसून बघा, मध्ये सांगायचं नाही हं!